अंबूकाकूंच्या वांग्यांवरचा मावा

एका जंगलात, मुलांनो, वाघ फार म्हातारा झाला होता. त्याचे दात पडले होते. त्यामुळे कुणी खाईल ही भीतीच कुणाला उरली नव्हती. मग सगळ्यांना वेळच वेळ मिळाला. वेळ मिळाला की काय करतात? बरोबर. एकमेकांना सल्ले देतात.

त्या जंगलात अंबूकाकू नावाची एक साळू राहायची. साळू म्हणजे साळिंदर, अंगभर काटे असतात ती. काकू एकट्या होत्या. लेक मंजुळा नदीपलीकडे दिलेली. काकूंच्या बिळामागे वांग्याची सात रोपं होती.

त्या वर्षी मंजुळाला दिवस गेले. पाचव्या महिन्यात तिनं निरोप धाडला, "आई, मला साडी नको, पेढे नकोत. तुझ्या परसातल्या वांग्यांचं भरीत पाहिजे. इकडची कडू लागतात."

काकूंना इतका आनंद झाला की त्यांचे काटे उभे राहिले. त्या लगोलग परसात गेल्या. बघतात तर काय, पानं आखडलेली, चिकट झालेली. पान उलटून पाहिलं तर खाली हिरवट किड्यांची ही दाटी! मावा पडला होता.

काकूंनी फडकं ओलं केलं आणि एकेक पान पुसायला घेतलं. तेवढ्यात कुंपणावरून शकूताई माकडीण ओरडली.

"अगं बाई! काकू, फडक्यानं पुसताय? कुठल्या जमान्यात राहता? मावा हसतो फडक्याला!"

"मग काय करू?"

"ताक. आठ दिवस तांब्याच्या भांड्यात आंबवलेलं. मी मोबाईलवर पाहिलंय. एका उंदरिणीच्या मिरच्या वाळल्या होत्या, ताक मारलं नि डोक्याएवढ्या मिरच्या लागल्या."

शकूताईनं स्वतः करून पाहिलं नव्हतं. पण पाहिलं होतं ना, मोबाईलवर.

काकूंनी ताक मारलं. रोपांना फार काही झालं नाही. काकूंच्या काट्यांवर मात्र ते वाळलं आणि चार दिवस जंगलातल्या झाडून सगळ्या माश्या त्यांच्या मागे फिरल्या.

मग कुणी म्हणालं लसूण-मिरचीचा ठेचा पाण्यात कालवून मारा. काकूंनी मारला, नेमका वाऱ्याच्या उलट दिशेनं. दोन दिवस त्यांना डोळे उघडता आले नाहीत. उघडले तेव्हा दोन रोपं करपली होती. मावा जागच्या जागी होता. रिठ्याचं पाणी झालं. राख झाली. हळद झाली. एकानं सांगितलं, रोपांशी गोड बोला. काकू तेही बोलल्या.

याच धांदलीत पानांवर लाल पाठीचे, काळ्या ठिपक्यांचे गोल किडे आले. शकूताई किंचाळली, "काकू, हे माव्याचे साहेब! आधी यांना झाडा!" काकूंनी केरसुणी घेऊन साहेबांना झाडलं.

शेवटी प्रकरण भास्करराव कोल्ह्यांपर्यंत गेलं. भास्करराव 'विषमुक्त परसबाग मंडळा'चे अध्यक्ष होते. त्यांच्या परसात एकही रोप नव्हतं. त्यामुळे त्यांच्या रोपांवर कधी रोग पडल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

"दशपर्णी अर्क," भास्करराव डोळे मिटून म्हणाले. "दहा झाडांचा पाला. महिनाभर कुजवायचा."

"महिनाभर? तोवर माझ्या लेकीचे डोहाळे सरतील हो!"

"मग तीन दिवस कुजवू. पण दहा पानं हवीत म्हणजे हवीत."

कडुनिंब, करंज, रुई, निरगुडी अशी नऊ पानं जमली. दहाव्या पानावर मंडळात भांडण लागलं. निम्मे म्हणाले पपई, निम्मे म्हणाले सीताफळ. तीन दिवस सभा चालली. पाला मात्र कुणाची वाट न बघता कुजला. त्या वासानं म्हातारा वाघसुद्धा उठून दुसऱ्या डोंगरावर राहायला गेला.

अर्क मारला. आणखी तीन रोपं गेली. दोन उरली.

काकू बांधावर बसून राहिल्या. एवढ्या वर्षांत त्यांनी लेकीला कधी नाही म्हटलं नव्हतं. काय तोंडानं सांगायचं? तेवढ्यात नदीपलीकडून निरोप आला, मंजुळाला चक्कर आली, लगेच निघा.

काकूंनी फवारा तिथेच टाकला आणि निघाल्या.

मंजुळाला विशेष काही नव्हतं, अशक्तपणा होता. काकू तिथे नऊ दिवस राहिल्या. पेज करून घातली, पाय चेपले.

"आई, भरताचं काय झालं?" मंजुळानं विचारलं.

काकूंना रडू आलं. "मंजे, औषधांनी खाल्लीत गं वांगी. किड्यांच्या वाट्याला सुद्धा आली नाहीत."

दहाव्या दिवशी काकू परतल्या. वाळकी रोपं उपटून टाकावीत म्हणून परसात गेल्या आणि थबकल्या. दोन्ही रोपांना नवी कोवळी पानं फुटली होती. चार-पाच फुलंही होती. पानाखाली माव्याची मोजून दहा-बारा डोकी उरली होती. आणि ते लाल पाठीचे साहेब, परत आलेले, एकेक मावा उचलून शांतपणे खात होते. काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग हात जोडून म्हणाल्या, "चुकलं हो माझं."

पंधरा दिवसांनी दोन वांगी काढून नदीपलीकडे नेली. भाजली. मंजुळानं भरीत खाल्लं, बोटं चाटली आणि म्हणाली, "मीठ कमी आहे." काकूंना बरं वाटलं. लेक बरी झाली होती.

पण बातमी फुटली. सगळं जंगल काकूंच्या दारात आलं.

"माझ्या अर्काचा परिणाम," भास्करराव म्हणाले. "तो जरा उशिरा दिसतो."

"ताकाचा!" शकूताई म्हणाली.

"मी काहीच केलं नाही," काकू म्हणाल्या. "मी इथे नव्हतेच."

मग कुजबुज सुरू झाली. काकू फार बदलल्या. काकू लपवतात. विद्या लपवणं बरं नाही.

दुसऱ्या दिवशी शकूताई एकटी आली. तिचे डोळे सुजले होते. "काकू, माझ्या भेंड्या मरताहेत. मला तरी खरं सांगा."

"फवारे बंद कर. आठ दिवस तिकडे फिरकू नकोस."

"बरं. आणि घालू काय?"

"काही नको."

"कळलं. थोडंसंच घालू ना?"

काकूंनी तिच्याकडे बघितलं. मग त्या बिळात गेल्या आणि ओढ्याचं पाणी बाटलीत भरून घेऊन आल्या. शकूताईनं हुंगलं. तिचा चेहरा पडला. "वास नाही येत याला."

काकू पुन्हा आत गेल्या. पाण्यात कांद्याची कुजकी सालं बुचकळली. शकूताईनं हुंगलं, तिला ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. "हां! हे औषध!"

"एक चमचा, फक्त बुंध्याशी. मग नऊ दिवस परसात पाऊल टाकायचं नाही. रोपानं तुझं तोंड पाहिलं की गुण गेला."

दहाव्या दिवशी शकूताई भेंड्यांची माळ घालून जंगलभर नाचली.

त्यानंतर काकूंच्या दारात रांग लागली. भास्कररावांनी काकूंच्या बाटलीतल्या पाण्याला 'नवरात्र रसायन' असं नाव दिलं आणि त्यावर तीन व्याख्यानं दिली. जंगलातल्या भाज्या पुन्हा तरारल्या.

पुढच्या वर्षी काकूंच्या नव्या रोपांवर मावा दिसला. शकूताई कुंपणावर होतीच. काकू घाईनं आत गेल्या आणि आपलीच बाटली घेऊन आल्या.

"एक चमचा ना, काकू?" शकूताईनं चमचा हातात घेत विचारलं.

काकूंनी पान उलटून पाहिलं, जरा विचार केला.

"दोन घाल," त्या गंभीरपणे म्हणाल्या. "माझ्याकडचा मावा चिवट आहे."

तात्पर्य : मुलांनो, नेहमी खरं बोलावं. पण नुसतं बोलू नये. ते बाटलीत भरावं, त्याला थोडी दुर्गंधी आणावी आणि चमच्यानं मोजून द्यावं. आणि हे काम इतकं मन लावून करावं की एक दिवस आपलाही त्यावर विश्वास बसेल.