उकडलेलं की ऑमलेट

कवटी उघडून मेंदूला हात घालणाऱ्या माणसाला भीती ठाऊक नसते, असं सगळीकडे मानलं जातं. सत्कारसमारंभात तर हे हमखास सांगितलं जातं. मी भूलतज्ज्ञ आहे. धाराशिवच्या एका खासगी दवाखान्यात अनेक वर्षं डॉक्टर बिराजदारांच्या शेजारी उभा राहिलो. ते न्यूरोसर्जन, आणि माझ्या पाहण्यातला सर्वांत घाबरट माणूस.

ऑपरेशनच्या आधी ते एक कच्चं अंडं घेऊन बसत. जुन्या ड्रिलनं टरफलाला रुपयाएवढी खिडकी पाडायची, पण आतला पापुद्रा फाटू द्यायचा नाही. टरफल म्हणजे कवटी, पापुद्रा म्हणजे मेंदूवरचं आवरण. दिवसाला अंडं एकच. पापुद्रा शाबूत राहिला तर ऑपरेशन. फाटला तर पेशंट सोलापूरला. त्यांच्या घरी अंडी चालत नसत, म्हणून ती ऑपरेशन थिएटरच्या फ्रिजमध्ये इंजेक्शनांशेजारी राहत.

पास झालेलं अंडं उकडून रखवालदार बब्रुवानला मिळे. नापास झालेल्याचं ऑमलेट होई, तेही त्यालाच. हे बाहेर फुटल्यापासून नातेवाईक आधी त्यालाच गाठत.

"आज काय हाय मामा? उकडल्यालं का आम्लेट?"

"रिपोर्ट आला न्हाय आजून," बब्रुवान गंभीरपणे सांगे.

आमच्या धंद्यात नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. त्यासाठी ठिकठिकाणच्या परिषदांना हजेरी लावून गुण जमवायचे. अशाच एका परिषदेला आम्ही दोघं गेलो होतो. विषय होता व्यावसायिक दर्जा राखणे. समई लावून झाली, शाली झाल्या, वक्त्यांनी दर्जा बराच उंच नेऊन ठेवला. रजिस्टरात सही केली की गुण जमा. शेवटी बिराजदार उभे राहिले. "सह्या बघितल्या. हात कोण बघणार?"

प्रश्न अत्यंत महत्त्वाचा आहे, असं म्हणून अध्यक्षांनी जेवणाची सुट्टी जाहीर केली.

साठी ओलांडल्यावर ऑमलेटं वाढली. बिराजदार चहाचा कप दोन्ही हातांनी धरू लागले. माझं लक्ष जातंय असं दिसलं की म्हणत, "थंडी आहे हो, भूलवाले." मे महिना असे.

मग एका दुपारी ढोकीजवळ मोटारसायकल उसाच्या ट्रॉलीवर आदळली. मागं बसलेल्या तरुण बाईच्या डोक्यात रक्त साचलं होतं. तिच्या एका डोळ्याची बाहुली आमच्यासमोर मोठी होत चालली होती. सोलापूर तासाभराहून लांब, आणि तिच्याकडे तेवढा वेळ नव्हता. मी भुलेची तयारी करत होतो. कोपऱ्यात ड्रिलचा आवाज सुरू झाला आणि थांबला. अंड्याखालच्या वाटीत पिवळं पडलं होतं.

शैलासिस्टर हळूच म्हणाली, "सर, दुसरं देते. कुणी बघत नाही."

"मी बघतोय की, सिस्टर."

तसेच टोपी-मास्कसकट ते बाहेर गेले. बाकावर बाईचा सासरा बसला होता. आपला हात आज बरोबर नाही, सोलापूरपर्यंत ती टिकणार नाही, असं दोन्ही त्याला सांगितलं.

म्हाताऱ्यानं विचारलं, "तुमाला भ्या वाटतंय का डॉक्टर?"

"व्हय."

"मला बी लई वाटतंय. करा. फकस्त ते आम्लेट माझ्याम्होरं आणू नका."

इतका मी कधी घाबरलो नव्हतो. ड्रिल हाडात उतरत होतं आणि मला वाटी दिसत होती. मास्कआड बिराजदारांचे ओठ हलत होते. देवाचं नाव घेत असतील म्हणून कान दिला, तर ते म्हणत होते, "सावकाश बिराजदार, सावकाश." हाड निघालं. खालचं आवरण शाबूत होतं. साचलेलं रक्त काढलं. दुसऱ्या दिवशी बाईनं डोळे उघडून पाणी मागितलं.

त्याच दिवशी त्यांनी ऑपरेशनं सोडली. मी म्हटलं, अहो, ती जगली की.

"ती जगली म्हणून मी पास होत नाही, भूलवाले. दुसरं कुणी नव्हतं, एवढंच."

आता एक तरुण सर्जन येतो. त्याच्या ऑपरेशनच्या वेळी बिराजदार बाहेर त्याच बाकावर बसतात, नातेवाइकांच्या रांगेत. त्यांच्याशी बोलत नाहीत. मी बाहेर आलो की ताडकन उठतात आणि विचारतात, "उठला का पेशंट?" उठला म्हटलं की घरी जातात. पेशंट त्यांचा कुणी लागत नाही.

मेडिकल कौन्सिलनं त्यांची नोंदणी पुढच्या पाच वर्षांसाठी नवी करून दिली आहे. गुण पुरेसे होते. रोजचं अंडं अजून चालू आहे. ऑपरेशनं सोडल्यापासून एकही पापुद्रा फाटलेला नाही. बब्रुवानचं कोलेस्टेरॉल वाढलं आहे.