फक्त एक काना

शुक्रवारच्या पुरवणीतल्या चित्रपट परीक्षणातून साधनाताईंनी एकूण तेवीस काने काढून टाकले आणि समाधानाने चष्मा पुसत चहा मागवला.

नाशिकच्या त्या दैनिकात त्या एकतीस वर्षं मुद्रितं तपासत होत्या. संपादकांचे अग्रलेख असोत की श्रद्धांजलीच्या जाहिराती, त्यांच्या लाल पेनाखालून गेल्याशिवाय काही छापायला जात नसे. महिनाअखेरीला निवृत्ती होती. एकही चूक नावावर न घेता घरी जायचं, एवढीच त्यांची इच्छा होती, आणि तिला आता जेमतेम तीन आठवडे उरले होते.

परीक्षण भारत या तरुण वार्ताहराचं होतं. चित्रपट ‘वेलीवरची दोघं’. दिंडोरीच्या द्राक्षबागायतदाराचा मुलगा आणि वाइन बनवायला इटलीहून आलेला पाहुणा, यांची हलकीफुलकी प्रेमकथा. भारतने लिहिलं होतं, ‘आंद्रेआ बागेत येतो, द्राक्षाचा मणी चाखतो आणि चक्क लाजतो.’ साधनाताईंना हसू आलं. आंद्रेआ येतो? हा मुलगा नेहमी घाईत लिहायचा. मागच्याच महिन्यात त्याने एका ज्येष्ठ अभिनेत्रीला ‘देखणा’ करून टाकलं होतं. त्यांनी येतोचं येते केलं, चाखतोचं चाखते केलं, लाजतोचं तर फार प्रेमाने लाजते केलं. ‘सहकुटुंब पाहावा’ हे शेवटचं वाक्य मात्र तसंच ठेवलं.

खरं सांगायचं तर त्यांचं लक्षही जरा उडालेलं होतं. खिडकीतून हिवाळ्यातलं दुपारचं ऊन टेबलावर आलं होतं, आणि बागेत आंद्रेआ लाजली की साधनाताईंना साई दिसायची. साई म्हणजे हैदराबादची. त्यांचा हर्षल तिथे नोकरीला होता आणि दोन वर्षं त्याच्या प्रत्येक मेसेजात साई असायची. फोटो मागितला की तो विषय बदलायचा. लाजत असेल, असं म्हणून साधनाताई सोडून द्यायच्या. त्यांनी साईला मनातल्या मनात गजरा माळला होता, गंगेवर, म्हणजे गोदाघाटावर, फिरवून आणलं होतं आणि येवल्याहून एक मोरपंखी पैठणी आणून कपाटात ठेवली होती. खंत एकच होती. हैदराबादेत राहून पोराचं व्याकरण पार बिघडलं होतं. ‘साई रोज डबा आणतो’ असं लिहायचा. त्यांनी एकदा फोनवर टोकलंही होतं, “हर्षल, आणते म्हणावं.” तो म्हणाला होता, “हो आई.”

शुक्रवारी परीक्षण छापून आलं आणि शनिवारी दुपारी इंदिरानगरच्या भजनी मंडळातल्या चौदा जणी साधनाताईंच्या भरवशावर, त्यांनाही सोबत घेऊन, चित्रपटगृहात जाऊन बसल्या. पोस्टरवर नुसता द्राक्षांचा घड होता, त्यामुळे शंका यायचं कारणच नव्हतं. पुढाकार नवसाबाईंचा. शेवंती विकून दोन मुलं इंजिनियर केलेली बाई. चित्रपट असो की भजन, त्यांना मध्ये बोलल्याशिवाय राहवत नसे.

पडद्यावर एक दाढीवाला गोरा उतरला. नायक त्याला ‘आंद्रे’ म्हणू लागला.

“हा कोण वं ताई?” नवसाबाईंनी विचारलं.

“भाऊ असेल तिचा,” साधनाताई म्हणाल्या.

“बराबर. आमच्याकडं नाय का, सुरेश अन् सुरेखा? तसा हा आंद्रे अन् ती आंद्रेआ. आधी घर बघाया धाडलाय त्याला.”

ही माहिती रांगेतून शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचली आणि सगळ्या जणी त्या भावाकडे कौतुकाने पाहू लागल्या. भावाने नायकाच्या आईच्या हातचा ठेचा खाल्ला, डोळ्यांतून पाणी काढलं, घडातले दाटीचे मणी काढून विरळणी करायला शिकला. मध्यंतर झालं तरी बहीण काही आली नाही.

साधनाताईंनी फोन पाहिला. भारतचे अकरा मिस्ड कॉल. त्या बाहेर जाऊन बोलल्या.

“काकू, आंद्रेआ पुरुष आहे हो! इटलीत ते पुरुषाचंच नाव असतं. अख्ख्या परीक्षणात तुम्ही त्याची बाई केलीत!”

“म्हणजे ती दोघं…”

“दोघंही मुलगेच, काकू. त्यांच्याच प्रेमाची गोष्ट आहे. संपादकांना घाम फुटलाय. म्हणतात, लोक सहकुटुंब गेले आणि गोंधळ झाला तर? तुम्ही कुठे आहात?”

“सहकुटुंबच आलेय,” साधनाताई कशाबशा म्हणाल्या.

त्या आत धावल्या. “नवसाबाई, चला, निघू या. पुढे काही राम नाही म्हणतात.”

“आसं कसं? पोरगी यायचीय आजून!” नवसाबाईंनी त्यांना हाताला धरून खाली बसवलं आणि वर ओंजळभर पॉपकॉर्न दिले.

उत्तरार्धात वेलींच्या मांडवाखाली नायकाने त्या दाढीवाल्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. साधनाताईंनी डोळे मिटून घेतले. मिटल्या डोळ्यांपुढे त्यांनी काढलेले काने एकेक करून परत आले आणि द्राक्षाच्या मांडवाच्या खांबांसारखे ओळीने उभे राहिले. येतो. चाखतो. लाजतो. मोजता मोजता तेवीस झाले, पण रांग संपेना. साई रोज डबा आणतो. साई सुरेख गातो. ताप आला की साई उशाशी बसून राहतो. दोन वर्षं पोरगं बिनचूक लिहीत होतं आणि त्या मनातल्या मनात प्रत्येक ओळ खोडत होत्या. आता त्यांना ते ‘हो आई’ आठवलं.

दिवे लागले तेव्हा नवसाबाई पदराने डोळे पुसत होत्या.

“पोरगी आलीच नाय की वं ताई.”

“नाही आली. तोच आंद्रेआ होता.”

“ते कळलं मला मगाशीच. गुणाचं पोरगं हाय. पण दोन गोष्टी नाय पटल्या. पयल्याच दिवशी कुनी पाव्हण्याला ठेचा देतं का? अन् त्या आईला शेवटपतूर कळत नाय म्हंजी काय? लय खोटं दाखवलंय.”

“एखादीला नसेल कळत, नवसाबाई.”

“कळतं वं ताई. कळून घ्यायचं नसतं, ते येगळं.”

बाहेरच्या पायरीवर त्या बसतात न बसतात तोच भारतचा पुन्हा फोन. “काकू, नाशिकमधले सगळे शो फुल्ल! दिग्दर्शिका तेजस्विनी म्हणतेय, खुलासा अजिबात छापू नका.”

“छापायचा. चूक माझी आहे, खुलासा मीच लिहीन,” साधनाताई म्हणाल्या. एकतीस वर्षांची इच्छा अशी एका वाक्यात गेली आणि त्यांना फारसं वाईटही वाटलं नाही.

मग त्यांनी हर्षलला लिहायला घेतलं. ‘संक्रांतीला साईला घेऊन ये. साई काय खाते?’

अंगठा थांबला. त्यांनी ‘खाते’ला एक काना दिला, चष्मा सारखा केला, ओळ दोनदा वाचली आणि पाठवून दिली.

मेसेज लगेच वाचला गेला. पायरीवरचं ऊन सरकत त्यांच्या चपलांपर्यंत आलं.

‘आई, टायपिंग मिस्टेक आहे का गं?’

‘नाही. तपासून पाठवलंय.’

मग एकदम उत्तर आलं, ‘तो सगळं खातो. ठेचा तर वाटीभर लागतो त्याला.’

साधनाताई एकट्याच हसल्या. नवसाबाईंचा एक आक्षेप तरी निकालात निघाला होता. मग त्यांना कपाटातली पैठणी आठवली. थोडा विचार करून त्यांनी लिहिलं, ‘साईच्या आईला मोरपंखी रंग आवडतो का, ते विचारून कळव.’