‘म्हैस उठली’ या वाक्याचा तपास

हे तुम्ही खरं मानणार नाही. मानूही नका. मी आजवर जे खरं सांगितलं त्यावर निमोण्यात कोणी विश्वास ठेवलेला नाही, आणि जे खोटं सांगितलं त्यावर दोन सोयरिकी जुळल्यात. पण लाइट गेलीय, डेअरीत रोहिदासचं दुधाचं फॅट मोजायचं मशीन बंद पडलंय, कॅन रांगेत आहेत आणि तुम्ही कॅनवर. मलाही न्हावऱ्याच्या यष्टीला अवकाश आहे. तेव्हा ऐका. अट एकच: मध्ये कोणी ‘खोटं’ म्हणालं की गोष्ट तिथंच थांबेल.

तर भीमेच्या अल्याड शिरूर आणि पल्याड दौंड, या दोन तालुक्यांत मिळून डिटेक्टिव्ह एकच. न्हावऱ्याचे पोपटराव. नजर अशी, की घारीनं शिकवणी लावावी. बुद्धी इतकी धारदार, की डोकं खाजवायचं झालं तरी जपून खाजवतात. वय बासष्ट, पण टोपी घातली की पन्नास, आणि लाइट गेली की चाळीस. छापील कार्ड आहे त्यांचं: ‘पोपटराव, खाजगी तपास. हरवलेली माणसे, जनावरे व चष्मे.’ तीस वर्षं त्यांनी घरोघर विजेचे मीटर वाचले. युनिटवरून घर ओळखायचे. आकडा कमी दिसला की म्हणायचे, “सून माहेरी गेलेली दिसते.” सून दारात उभी असायची, तो भाग वेगळा. दुसऱ्या महिन्यात ती गेलीच की.

त्यांचे मदतनीस रशीदभाई. न्हावऱ्यात मोबाइल दुरुस्तीचं दुकान. मोटारसायकल रशीदभाईंची, पेट्रोल रशीदभाईंचं, बुद्धी पोपटरावांची. असा निम्मानिम्मा कारभार.

एका सकाळी पोपटरावांची पुतणी अक्षदा रडत आली. रांजणगावला कंपनीत क्वालिटीत आहे ती, रडतानासुद्धा एक थेंब वाकडा पडू देत नाही. पोपटरावांनीच तिचं खुटबावच्या सुदर्शनशी जमवलं होतं. मुलाचं गुऱ्हाळ आहे, स्वभाव गुळासारखा. साखरपुड्याला आठ दिवस राहिले होते.

“आप्पा, मी त्या सुदर्शनशी लग्न करणार न्हाई.”

“का गं? काय मागितलं त्यांनी?”

“मागितलं काय न्हाई. तो म्हणतो, गौतमी परत जाणार.”

पोपटराव ताडकन उठले. “कोण गौतमी? आन् कुठनं आलीय ती?”

“ब्लॉगमधली, आप्पा!”

मग उलगडा झाला. इंटरनेटवर ‘पाटाच्या कडेनं’ नावाचा ब्लॉग होता. लिहिणाऱ्याचं नाव नाही, गाव नाही. त्यात ही गौतमी. नर्सिंगला नाव घालायचं म्हणून सासर सोडून निघाली होती आणि पाटाच्या कडेनं चालत होती. पस्तीस भाग झाले, पाट संपेना, गौतमी दमेना. आणि प्रत्येक भागाच्या शेवटी, काही संबंध नसताना, एकच वाक्य यायचं: ‘म्हैस उठली.’

या वाक्यानं दोन तालुके उभे फाडले होते. शिरूरचे वाचक म्हणत, म्हैस म्हणजे गौतमीचा स्वाभिमान. तो बसला होता, आता उठला. ती परत जाणार नाही. दौंडचे म्हणत, म्हैस म्हणजे संसार. जड असतो, चिखलात असतो, पण शेवटी उठतोच. ती परत जाणार. एकेका भागाखाली तीनतीनशे प्रतिक्रिया पडायच्या. अक्षदा आणि सुदर्शन तिथं सगळ्यात पुढं. साखरपुड्याच्या साडीच्या रंगावरून ज्यांचं भांडण झालं नाही, त्यांचं म्हशीवरून झालं.

“उद्या लग्न झाल्यावर मी नोकरी करायची म्हटलं, तर हा मलाबी म्हणंल, म्हैस उठली, चल घरी,” अक्षदा म्हणाली. “लेखकाच्या तोंडून कळू द्या, त्या वाक्याचा अर्थ काय. ती परत जाणार असंल, तर मी खुटबावला जाणार न्हाई.”

पोपटरावांनी मिशीवरून हात फिरवला. साखरपुडा मोडला तर भावाला काय तोंड दाखवणार? शिवाय शब्द त्यांनी टाकलेला. “रशीद, गाडी काढ.”

“कुठं जायचं?”

“ते मी गाडीवर बसल्यावर ठरवीन.”

पहिला सिद्धांत रांजणगावच्या फाट्यावर जन्मला. ब्लॉगचा भाग रोज सकाळी सहा चाळीसला पडायचा. सहा चाळीस म्हणजे पहिल्या पाळीच्या बसची वेळ. म्हणजे लेखक कामगार! बसमध्ये बसतो, लिहितो, उतरतो. पोपटराव दोन दिवस एका कंपनीच्या गेटसमोर उभे राहिले आणि उतरणाऱ्या प्रत्येकाच्या कानात हळूच म्हणाले, “म्हैस उठली?”

दुसऱ्या दिवशी एका बिहारी पोरानं त्यांचा हात हातात घेतला. “चाचा, भैंस तो गाँव में है। इधर तो प्रेस मशीन है। आपने खाना खाया?”

“सूचक उत्तर आहे,” पोपटराव म्हणाले.

“त्याला तुमची दया आली,” रशीदभाई म्हणाले.

दुसरा सिद्धांत भयंकर होता. हा ब्लॉग नव्हेच, हा जनावरं चोरणाऱ्या टोळीचा निरोप! ‘म्हैस उठली’ म्हणजे माल हलला. त्या संशयावरून पोपटरावांनी हातात बॅग घेऊन गोठ्यागोठ्यात शिरणाऱ्या एका माणसाचा सात किलोमीटर पाठलाग केला आणि आठव्या गोठ्यात त्याला पकडलं. तो जनावरांचा डॉक्टर निघाला. त्याचा तेव्हा एक हात खांद्यापर्यंत कामात होता. दुसऱ्या हातानं त्यानं पोपटरावांना शेपूट धरायला लावलं, आणि तासभर सोडलं नाही.

“पोपटराव, मी काय म्हणतो,” रशीदभाई घरी येताना म्हणाले, “जे सारखं सारखं एकाच वेळी—”

“रशीद, गाडी चालव. विचार करायला मी हाय.”

आणि विचार केलाच! इथं टोपी काढा. पोपटरावांनी चाळीसच्या चाळीस भाग मीटरसारखे वाचले. गोष्टीत कोणत्या दिवशी पाटावरच्या मोटारी दिवसा चालतात आणि कोणत्या दिवशी बंद, ते कागदावर मांडलं. शेतीच्या थ्री फेज विजेची पाळी प्रत्येक फिडरला, म्हणजे गावागावाच्या लाइनला, वेगळी. तीस वर्षांचं ज्ञान कामी आलं. ती पाळी एकाच गावाची होती.

“निमोणे!” पोपटराव गरजले. साखरपुड्याला तीन दिवस होते.

लेखक लोक पहाटे सापडतात, असा त्यांचा कयास. साडेसहाला दोघं निमोण्यात पोचले. पहिल्याच वस्तीवर, गोठ्यात, एक बाई बसलेल्या म्हशीशेजारी लाकडी पाटावर बसून एकटीच काहीतरी पुटपुटत होत्या. वैरणीच्या पेंढीवर फोन टेकवून ठेवलेला. त्या सिंधूबाई.

“राम राम बाई,” पोपटराव म्हणाले. “ह्या गावात कोणी लेखक ऱ्हातो का?”

“कसा असतो?”

“उंच. चष्मा. दाढी. खांद्याला झोळी. नजर कुठंतरी लांब.”

सिंधूबाईंनी विचार केला. “दाढीवाला एक हाय. पर तो बोकड हाय. झोळी न्हाई त्याला.”

“हसण्यावारी नेऊ नका बाई. मी वीज मंडळात तीस वर्षं काढलीत. माझ्या नजरंतून काही सुटत न्हाई.”

“ते दिसतंयच.”

“एका पोरीच्या लग्नाचा सवाल हाय. इथं कोणीतरी गोष्टी लिहितंय. रोज. सकाळी. ह्याच टायमाला. तुम्ही हितं बसून असता, कोण येताजाताना दिसलं का?”

“मला कोण दिसतंय? मी आन् ही म्हैस.” एवढ्यात म्हशीनं अंग झाडलं, मागचे पाय टेकले आणि धडपडत उभी राहिली. सिंधूबाईंनी घराकडं तोंड करून खणखणीत हाळी दिली, “म्हैस उठलीऽऽ!”

आतून सून बादली घेऊन पळत आली. सिंधूबाईंनी फोनवर बोट दाबलं आणि धारेला बसल्या.

रशीदभाई जागीच थिजले. “पोपटराव!”

“शू! बाईंना काम करू दे. सभ्यता म्हणून काही हाय का न्हाई?” आणि पोपटराव सभ्यपणे बाहेर पडून बोकडाची चौकशी करायला गेले.

याला कोणी चूक म्हणेल. मी म्हणणार नाही. मोठ्या माणसांची नजर लांबची असते, जवळचं त्यांना चष्म्याशिवाय दिसत नाही. आणि चष्मा रशीदभाईंच्या खिशात होता.

दुपारी न्हावऱ्यात, दुकानात बसून पोपटरावांनी एकेचाळिसावा भाग उघडला. मोठ्यानं वाचू लागले. गौतमी पाटाच्या कडेनं चाललीय, ऊन वर आलंय, आणि अचानक तिच्या वाटेत एक म्हातारा येतो. लेखक कुठं राहतो विचारतो. तिला बोकडाबद्दल सांगण्यात येतं.

“वा!” पोपटराव म्हणाले. “काय मूर्ख म्हातारा रंगवलाय! कुठंतरी पाहिल्यासारखा वाटतो. न्हाई रे?”

रशीदभाई एका फोनच्या स्क्रूत डोळे घालून बसले होते. वर बघायची त्यांना हिंमत नव्हती.

खाली प्रतिक्रियांचा पूर आला होता. शिरूरवाले म्हणत होते, म्हातारा म्हणजे समाज: बाईच्या वाटेत येऊन भलतेच प्रश्न विचारतो. दौंडवाले म्हणत होते, म्हातारा म्हणजे काळ. सुदर्शननं लिहिलं होतं, ‘इतका पोकळ आत्मविश्वास खऱ्या माणसात असूच शकत नाही. लेखकाची कल्पनाशक्ती थोर.’

“जावई हुशार हाय,” पोपटराव म्हणाले.

तेवढ्यात अक्षदा कंपनीचा गणवेशही न बदलता दुकानात शिरली. “आप्पा, आज सकाळी कुठं होतात तुम्ही?”

“निमोण्यात. का?”

“वीज मंडळात तीस वर्षं काढलीत, असं कुणाला म्हणालात?”

पोपटरावांनी फोनकडं पाहिलं. मग अक्षदाकडं. मग पुन्हा फोनकडं. मग शांतपणे टोपी सारखी केली. “मुद्दाम बोललो. लेखकाला बाहेर काढायला. रशीद, सांग तिला.”

“बोकड बी मुद्दामच,” रशीदभाई म्हणाले.

मग गोठा कुणाचा तेही रशीदभाईंनी सांगितलं, आणि अक्षदानं ते प्रतिक्रियांत टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सिंधूबाईंच्या गोठ्यापुढं चाळीस मोटारसायकली लागल्या. वीस अल्याडच्या, वीस पल्याडच्या, मध्ये भीमेएवढं अंतर. अक्षदा एका बाजूला, सुदर्शन दुसऱ्या. पोपटराव मधोमध, पायरीवर. म्हैस बसलेली.

“बाई,” पोपटराव म्हणाले, “मी तुम्हाला काल पहिल्या नजरेतच ओळखलं होतं.”

“व्हय का? मग बोकडामागं का गेलात?”

चाळीस जण हसले. अक्षदा पुढं झाली. “आजी, एवढंच सांगा. ‘म्हैस उठली’ म्हंजी काय?”

सिंधूबाईंना प्रश्नच कळेना. “म्हंजी म्हैस उठली! अगं, ती बसली असती तवा मला वेळ असतो. तवा मी गौतमीचं सांगती. माझी नात अपेक्षा पुण्याला शिकायला गेली, तिनं बटनं दाखवून ठेवल्यात. हे दाबलं की फोन ऐकतो, हे दाबलं की समद्यांना जातं. म्हैस उठली की सुनंला हाळी मारायची, बादली आणाया. गाडी यायच्या आत दूध घालायचं असतं डेअरीला. हाळी बी फोन ऐकतो, त्याला मी काय करू?”

म्हैस रवंथ करत राहिली. तपास संपला होता. एकेचाळीस भाग, हजारो प्रतिक्रिया, दोन तालुके, आणि मध्ये एक बादली.

पोपटरावांनी सुटकेचा श्वास घेतला. घेतला, पण सोडायच्या आत अक्षदा म्हणाली, “न्हाई आजी. ते तसं न्हाई.”

“काय तसं न्हाई?”

“तुम्हाला वाटतं ती हाळी हाय. पण ती हाळी न्हाई.”

“म्हैस माझी हाय गं बाई!”

“गोठ्यातली तुमची,” पलीकडून सुदर्शन म्हणाला. “गोष्टीतली न्हाई. आजी, राग मानू नका, पण तुम्ही काय लिहिलंय ते तुम्हाला नीट कळलेलं न्हाई.”

“बरोबर!” अक्षदा म्हणाली. आठ दिवसांत पहिल्यांदाच ती सुदर्शनला बरोबर म्हणाली होती. वीस आणि वीस मोटारसायकलवाले माना डोलवू लागले. मधलं अंतर मिटलं. तासभर दोन्ही तालुक्यांनी मिळून सिंधूबाईंना त्यांची गोष्ट समजावून सांगितली. त्याही पदर तोंडाला लावून ऐकत राहिल्या, मध्ये मध्ये “अगं बया” म्हणत. शेवटी त्यांनीच हळूच विचारलं, “मग गौतमी परत जाती का वं?”

सगळे सुदर्शनकडं बघायला लागले. अक्षदानं श्वास रोखला. पोपटरावांनीही, कारण त्यांचा सगळा शब्द तिथं टांगलेला होता.

सुदर्शन थोडा लाल झाला. “मी आपलं म्हणत व्हतो जाती म्हणून,” तो म्हणाला. “पण ते गौतमी ठरवंल. ते ठरवणारा मी कोण? आन् आजी, तुम्ही तरी कोण?”

अक्षदा हसली. आणि तेवढ्यात म्हैस उठली. चाळीस माणसांनी टाळ्या वाजवल्या. सून बादली घेऊन आली ती गर्दी बघून तशीच परत गेली.

साखरपुडा ठरल्या दिवशी न्हावऱ्यात झाला. म्हशीला मानाचं निमंत्रण. टेम्पोतून आली, शिंगांना गोंडे, पाठीवर झूल. पोपटरावांनी स्वतः ओवाळलं. तिनं मांडवाकडं एकदा बघितलं, सनई ऐकली, आणि माणसाला काय गहिवर येईल असा गहिवर येऊन भर मांडवात, एका बैठकीला, बारा लिटर दूध दिलं! त्याची जी बासुंदी झाली ती तीनशे माणसं—

“खोटं!”

रांगेच्या शेवटी कॅन आदळला. सिंधूबाई उठून उभ्या राहिल्या होत्या.

“बारा लिटर? पोपटआप्पा, जनाची न्हाई तर म्हशीची तरी लाज धरा! साडेचारच्या वर ती जल्मात गेली न्हाई. रोहिदासचं पुस्तक हाय हितं, बघा काढून.”

“आन् बाकीचं समदं?” रोहिदासनं विचारलं.

“बाकीचं चालंल.” सिंधूबाईंनी पदराआडून फोन काढून बघितला. “पर आप्पा, ते दुधाचं पुन्यांदा नीट बोला. फोन चालू हाय.”