कॅमेऱ्यासमोरची जागा

गाडीच्या डाव्या दारावर ओरखडा दिसला तेव्हा मधुसूदन मुजुमदारांच्या हातातला चहा हातातच राहिला. गाडी नवी कोरी होती. बोनेटवरचं कुंकवाचं स्वस्तिक अजून पुसलं गेलं नव्हतं, सीटवरचं प्लास्टिक त्यांच्या पत्नी राजलक्ष्मीबाईंनी काढू दिलं नव्हतं, आणि मधुसूदनराव भाजी आणायला पायी जातानासुद्धा किल्ली बोटात फिरवत जात होते. उभा जन्म स्कूटरवर काढलेल्या माणसाने निवृत्तीच्या तोंडावर घेतलेली ही पहिली गाडी. दर्पण कॉलनीतल्या त्यांच्या घराचं फाटक जेमतेम स्कूटरपुरतं होतं, म्हणून गाडी दारासमोर रस्त्यावर उभी राही आणि मधुसूदनरावांचा जीव घरात राहायच्या ऐवजी तिच्यापाशी राही.

"हे कोणीतरी मुद्दाम केलंय," ते म्हणाले.

"मुद्दाम कोण कशाला करेल?" राजलक्ष्मीबाई म्हणाल्या. "कोणाची सायकल घासली असेल. टचअप करून घ्या आणि किस्सा खतम करा."

किस्सा खतम करणं मुजुमदारांच्या रक्तात नव्हतं. त्यांचे पूर्वज दख्खनेतून फौजेबरोबर ग्वाल्हेरला आले ते लढायला नव्हे, तर फौजेने खाल्लेल्या दाण्यागोट्याचा हिशेब तपासायला. तेव्हापासून घराण्यात संशय पिढीजात चालत आला होता. मधुसूदनरावांनी दूधवाल्यापासून पेपरवाल्यापर्यंत सगळ्यांची मनातल्या मनात चौकशी केली, एकेकाला निर्दोष सोडून दिलं, आणि शेवटी त्यांची नजर रस्त्यापलीकडे मल्हारराव जगदाळ्यांवर जाऊन थांबली.

मल्हाररावांचे पूर्वजही त्याच फौजेबरोबर आले होते, फक्त ते घोड्यावर बसून आले होते, आणि ही गोष्ट जगदाळे कधी विसरत नसत व मुजुमदारांनाही विसरू देत नसत. स्वतः मल्हारराव सुभेदार म्हणून निवृत्त झाले होते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत आपल्या फाटकाबाहेर खुर्ची टाकून ते बसलेले असत आणि हातात काठी असे. काठीच्या टोकाला लोखंडी टोपण होतं. ते टोपण आणि दारावरचा ओरखडा यांची जाडी मधुसूदनरावांना अगदी एकसारखी वाटली.

गेली कित्येक वर्षं सकाळचा चहा मल्हाररावांच्या पत्नी विजयाबाई करत आणि दोघं तो मल्हाररावांच्या फाटकापाशीच घेत. एकाने पेपर वाचायचा आणि दुसऱ्याने त्यातलं काहीच खरं नाही असं म्हणायचं, हा त्यांचा रिवाज होता. त्या दिवसापासून मधुसूदनराव घरात चहा घेऊ लागले. आरोप त्यांनी केला नाही. आधी पुरावा आणि मग आरोप, अशी त्यांच्या घरची शिस्त होती. त्यांना पुरावा हवा होता, म्हणून ते कॅमेरा आणायला नई सडकेवर गेले.

दुकानातला मोहित कॅमेऱ्याबद्दल इतक्या प्रेमाने बोलला की मधुसूदनराव ऐकता ऐकता खुर्चीच्या काठावर आले. "काका, टेन्शनच नका घेऊ. गाडीच्या जवळ चिडिया पण आली ना, तर तुमच्या मोबाइलवर टिंग वाजेल," मोहित म्हणाला. "आणि तुम्ही ऑफिसात बसून बोलू शकता. तुम्ही तिकडून बोला, इकडे पूरी गली ऐकेल." हे ऐकल्यावर मधुसूदनरावांना दुसरं काही विचारायचं राहिलंच नाही. त्यांनी परतीच्या वाटेवर स्कूटर चालवतानाच दोन-तीन काल्पनिक चोरांना दम देऊन पाहिला.

कॅमेरा लागला आणि घरात लग्नघराचा उत्साह आला. नवी वस्तू पूजेशिवाय वापरायची नाही, हा राजलक्ष्मीबाईंचा नियम होता, म्हणून सत्यनारायण घातला गेला. आरतीनंतर त्यांनी स्टुलावर चढून कॅमेऱ्यालाही मन लावून हळदकुंकू वाहिलं. पुढचा अर्धा दिवस मोबाइलवर दर्पण कॉलनीत लालभडक संध्याकाळ दिसत होती आणि मधुसूदनराव मोहितला फोनवर फैलावर घेत होते. शेवटी मोहित आला, त्याने काच पुसली, प्रसादाचा शिरा खाल्ला आणि देवाच्या फोटोला कुंकू लावतात तसं याला लावू नका, असं नम्रपणे सांगून गेला.

प्रसादाला सगळी गल्ली आली होती. फक्त मल्हारराव आले नव्हते, कारण त्यांना बोलावलं नव्हतं. जो येई त्याला मधुसूदनराव मोबाइल उघडून दाखवत. गाडी कशी दिसते, मागची नंबरप्लेट कशी वाचता येते, समोरून जाणारं कुत्रंसुद्धा कोणाचं आहे ते कसं ओळखू येतं. लोक तोंडभरून कौतुक करत होते, आणि कौतुक झालं की मधुसूदनरावांच्या तोंडून ग्वाल्हेरी अदब आपोआप बाहेर पडत होती. शेजारचे सक्सेनाजी म्हणाले, "वाह मुजुमदारजी, अब तो आपकी तरफ़ से बेफ़िक्री है." त्यावर मधुसूदनराव छातीवर हात ठेवून म्हणाले, "अजी, आप ही का है. आपका ही कैमरा समझिए." सक्सेनाजींच्या पलीकडच्या शालिनीताईंना त्यांनी हेच मराठीत सांगितलं. ज्याने ज्याने शिरा घेतला, त्या प्रत्येकाला ते शिऱ्याबरोबर कॅमेराही वाढत गेले.

पहिले काही दिवस फार मजेत गेले. मधुसूदनराव इंदरगंजच्या ऑफिसात बसून गाडीची राखण करत होते. टिंग वाजलं की फाइल बाजूला आणि मोबाइल हातात. गाय आली तर गायीला, कावळा बसला तर कावळ्याला, "कृपया गाड़ी से दूर हटिए," असं ते खणखणीत हिंदीत सांगत. साहेबांनी एकदा हे वाक्य पाठीमागे उभं राहून ऐकलं आणि दोन पावलं मागे सरकून विचारलं की मुजुमदार, मला म्हणालात का.

मग गुरुवार आला. मधुसूदनराव राजलक्ष्मीबाईंना गाडीतून घेऊन मुरारला बहिणीकडे जाऊन आले, आणि येऊन पाहतात तर दारासमोर सक्सेनाजींची गाडी उभी. ते हसत हसत सांगायला गेले. सक्सेनाजींनी त्यांच्याहून जास्त हसून त्यांना आत बसवलं, सरबत दिलं आणि म्हणाले की आपणच तर म्हणाला होतात, आपका ही समझिए. एकदा दिलेली वस्तू परत मागणं मधुसूदनरावांना जमेना. त्यांनी सरबत संपवलं आणि गाडी शालिनीताईंच्या दारासमोर लावली.

सक्सेनाजींची गाडी हलली तेव्हा तिथे शालिनीताईंच्या जावयाची आली. जावई गेले तर त्या जागी गल्लीच्या दुसऱ्या टोकाच्या डॉक्टरांची आली. मधुसूदनरावांनी जागा धरायला कुंड्या ठेवून पाहिल्या. लोकांनी त्या काळजीपूर्वक उचलून त्यांच्याच ओट्यावर ठेवल्या आणि तुळशीला पाणीही घातलं. मधुसूदनरावांची गाडी दर फेरीला एक-एक घर मागे सरकत शेवटी गल्लीच्या तोंडाशी, कचराकुंडीजवळ जाऊन पोचली. तिथे कॅमेरा तर सोडाच, रस्त्यावरचा दिवासुद्धा लागत नव्हता.

"तुमच्या कॅमेऱ्यात सगळी कॉलनी आहे," राजलक्ष्मीबाई म्हणाल्या. "आपलीच गाडी तेवढी नाही."

त्यातून लोकांचे फोन सुरू झाले. जरा बघा हो, माझ्या गाडीची काच उघडी राहिली आहे का. जरा आवाज द्या, माझ्या बोनेटवर मांजर झोपलंय. ऑफिसात बसून मधुसूदनराव इमानेइतबारे दुसऱ्यांच्या गाड्यांवरची मांजरं हाकलत होते, आणि स्वतःची गाडी तेवढी त्यांना दिसत नव्हती. रात्री जेवण उतरत नव्हतं. इतक्या वर्षांनी नशिबात आलेली एवढी एक गाडी, आणि ती उकिरड्याशी बेवारशासारखी उभी, हे त्यांना खरोखर सहन होईना.

रविवारी सकाळी ते गाडीला भेटायला म्हणून गेले आणि जागीच थबकले. कॉलनीत मोकाट फिरणारा एक काळा धिप्पाड सांड गाडीला टेकून उभा होता आणि डोळे मिटून, अगदी समाधानाने, उजव्या दाराला शिंग लावायच्या बेतात होता. मधुसूदनराव हट् म्हणाले. सांडाने एक डोळा उघडला आणि मिटला. घाबरल्यावर माणूस सवयीचं असेल तेच करतो. मधुसूदनरावांनी खिशातून मोबाइल काढला, तोंडापाशी धरला आणि सगळा जीव गोळा करून म्हणाले, "कृपया गाड़ी से दूर हटिए."

सांड त्यांच्याकडे वळला. तेवढ्यात मागून कवायतीच्या मैदानावर द्यावी तशी एक आरोळी आली आणि काठी रस्त्यावर आपटली. सांडाने मान खाली घातली आणि तो निमूटपणे चौकाकडे चालू लागला. मल्हारराव धापा टाकत येऊन उभे राहिले.

"हाच तो," ते म्हणाले. "त्या दिवशी पण हाच होता. तुमच्या डाव्या दाराला शिंग घासून राहिला होता. मी पळत गेलो म्हणून एवढ्यावर निभावलं, नाहीतर दरवाजा आत गेला असता."

"तुम्ही पाहिलं होतं?" मधुसूदनरावांनी विचारलं. "मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलं कुठे?" मल्हारराव म्हणाले. "तुम्ही तर कॅमेरा लावला."

मधुसूदनरावांना आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. पुरावा रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत समोर खुर्ची टाकून बसला होता, आणि ते नई सडकेवर पुरावा शोधत फिरले होते. त्यांना बरंच काही बोलायचं होतं. त्यातलं त्यांनी एवढंच सांगितलं की मल्हारराव, माझ्याकडून फार चूक झाली. मल्हाररावांनी काठी दुसऱ्या हातात घेतली आणि गाडी आणून माझ्या भिंतीला लावा, विजयाने चहा टाकलाय, असं म्हणून ते वळले.

गाडी जगदाळ्यांच्या भिंतीला लागली, चहा झाला, पेपर वाचला गेला आणि त्यातलं काहीच खरं ठरलं नाही. मधुसूदनरावांचं मन इतकं भरून आलं होतं की घरी येऊन ते गप्प बसू शकले नाहीत. त्यांनी कॉलनीच्या ग्रुपवर मल्हाररावांची तारीफ लिहायला घेतली. सांडाचं वर्णन करताना तो किंचित मोठा झाला आणि मल्हारराव किंचित तरुण झाले. कॅमेरा फक्त बघतो, पण आमचे सुभेदारसाहेब धावून जातात, असं शेवटी लिहून त्यांनी ते पाठवून दिलं. राजलक्ष्मीबाईंनी ते वाचलं, नवऱ्याकडे एकवार पाहिलं आणि त्या कुकर लावायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी ते ऑफिसातून परतले तेव्हा त्यांच्या दारासमोरची जागा सबंध मोकळी होती. सक्सेनाजी, शालिनीताईंचे जावई, डॉक्टर, सगळ्यांच्या गाड्या जगदाळ्यांच्या भिंतीला नाकाला शेपूट लावून उभ्या होत्या. मधुसूदनरावांची गाडी त्यांच्यात अशी अडकली होती की ती बाहेर काढायला शनिवार उजाडावा लागला. ती पुन्हा कॅमेऱ्यासमोर आली, एकटी आणि ऐटीत.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी ते चहाला गेले, तर मल्हाररावांचे डोळे लाल झाले होते. काठी मांडीवर आडवी होती. डॉक्टरांच्या गाडीचा हॉर्न वाजला तसे ते दचकून उठले आणि पुन्हा बसले. पेपरातली पहिली बातमी खोटी आहे असं म्हणायचंही त्यांच्या लक्षात राहिलं नाही. मग त्यांनी घराकडे नजर टाकून विजयाबाई आत आहेत याची खात्री केली आणि आवाज खाली आणला.

"मुजुमदार, तुमचा तो कॅमेरा इकडे फिरतो का हो?"

"का?"

"दुपारी जरा पाठ टेकायची असते."

मधुसूदनरावांनी भिंतीला लागलेल्या गाड्यांच्या रांगेकडे पाहिलं. मग चहा संपवला आणि ते शिडी आणायला घरी गेले.