पतीस एकेरी करण्याची सनद

समुद्रापार सेम्बावांग प्रांती मातुश्री संजीवनीबाई यांनी उतारवयी इंग्रजी वर्तमानकाळावर स्वारी केली, ती हकीकत जैसी जाहली तैसी लिहिली आहे. वाचताना हसू आवरावे. न आवरल्यास बाईंकडे दोष नाही.

बाई चिरंजीव तन्मयराव यांचे फ्लॅटात मुक्कामास होत्या. लेक आणि सून दिवसभर ऑफिसचे मोहिमेवर, यजमान दुपारभर निद्रेचे स्वाधीन, मग बाईंस शेजारच्या मॅडम लिम यांचाच आधार होता. दोघींनी मसलत करून कम्युनिटी क्लबात इंग्रजीचे वर्गी नावे घातली. 'आय ईट', 'यू ईट' ही ठाणी विनालढाई हाती आली आणि मग 'ही'चा मुलूख लागला. तेथे क्रियापदास 'एस'चे शेपूट जोडल्यावाचून वाट नाही. बाईंनी तेही जोडिले. नातू वरुण 'ईट्स' आणि 'प्लेज' करू लागला. परंतु पतिराज मनोहरपंत यांची पाळी येताच फौज अडली. एवढे वडील माणूस, त्यांस एकेरी कैसे करावे? बाई आदरे 'दे स्लीप, दे स्नोर' म्हणू लागल्या, तेव्हा शिक्षिका मिस गोह यांनी अदबीने पुसले की, घरात यजमान किती आहेत?

लिमबाईंनी तेथील रिवाजाचे 'लाह' जोडून समजाविले, "आंटी, किंग आल्सो 'ही', लाह." बाईंनी जबाब दिला की, राजा असला तरी तो काही 'आमचे हे' नव्हे.

मग परीक्षेचा दिवस उगवला. उतरल्यास दोघी वरचे वर्गी एकत्र. न उतरल्यास लिमबाई वर, आणि बाई खाली एकट्या. मग दुपार कोणाशी बोलावी, हा घोर जिवास लागला. आणि बोलावयाचे विषयाची चिठ्ठी निघाली ती नेमकी 'माझे यजमान'. बाई 'माय हजबंड' एवढे म्हणून पुन्हा 'दे'पाशी अडल्या.

मनोहरपंत सोबतीस येऊन मागील बाकावर बसले होते. कुटुंबाचे तोंड पाहून त्यांस दया आली आणि त्यांनी भर दरबारी हुकूम फर्माविला, "अगं, म्हण मला 'ही'. इंग्रजीपुरती माझी हरकत नाही."

सनद मिळताच बाईंनी घोडा फेकला. "ही स्नोर्स. ही हाइड्स द रिमोट. ही ईट्स जिलेबी अँड टेल्स डॉक्टर, नो जिलेबी. ही सेज फाइव्ह मिनिट्स, ही टेक्स वन अवर." एकही 'एस' निसटला नाही. वर्गातील चिनी, मलय, तमिळ समस्त बायका माना डोलवू लागल्या, कारण ऐसे 'ही' घरोघर होते. मिस गोह यांनी पुरे म्हणून हात जोडिले, तरी ओल्या टॉवेलाचे प्रकरण निघालेच.

येणेप्रमाणे वर्तमानकाळ सर जाहला आणि वरचे वर्गी लिमबाईंचे शेजारी जागा मिळाली. घरी परततां पंतांनी सनद माघारी मागितली, ती बाईंनी नामंजूर केली. मग पंतांनी सहज पुसले की, वरचे वर्गी काय शिकवितात?

"भूतकाळ," बाई म्हणाल्या. "आपल्या लग्नापासून सुरुवात करीन म्हणते."

पंतांनी जागीच बिनशर्त तह मान्य केला. फत्ते संपूर्ण जाहली, सबब दफ्तरी दाखल केली असे.