सोमजाईला वाळीत टाकल्याचा ठराव

पोलादपूरजवळच्या आमच्या वाडीत सन १९३१च्या माघात भागोजीची चौकशी झाली. मी गावकीचा चिटणीस, तेव्हा जे लिहितो ते दप्तराप्रमाणे लिहितो. आरोप असा की, मुलगी आवडी तापाने फणफणली असता भागोजीने तिला गनीभाईंच्या बैलगाडीतून महाडच्या दवाखान्यात नेलं आणि परतताना गनीभाईंच्या घरी बसून भाकरी खाल्ली. मुलगी बरी झाली, हा मुद्दा गावकीने अप्रस्तुत ठरवला.

"चूक झाली म्हन, नारळ ठेव आनि मोकळा हो," गावकीचे प्रमुख मालोजी म्हणाले.

"म्हनलो असतो," भागोजी म्हणाला, "पन माज्या मनाला ती चूक वाटत नाय. मग देवीफुडं खोटं कसं बोलू?"

मन हा विषय गावकीपुढे पूर्वी कधी आला नव्हता. त्याबद्दल नियम शोधला, तो सापडला नाही. म्हणून आधी भागोजीला वाळीत टाकलं आणि मग रीतीप्रमाणे सोमजाईचा कौल घ्यायला गेलो. मुरारी गुरवाने देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. डावी पडली तर भागोजी दोषी, उजवी पडली तर निर्दोष.

उजवी पडली. देवीला प्रश्न नीट समजला नसेल म्हणून पुन्हा विचारला. पुन्हा उजवीच. तिसऱ्या खेपेस मुरारीने उजवी पाकळी अंगठ्याने चांगली दाबून बसवली. तीही पडली.

वाळीतल्या माणसाची बाजू घेईल तो वाळीत, हा आमचा चौथा नियम. त्यात देवांना सूट दिलेली नव्हती. मालोजींनी जड अंतःकरणाने ठराव मांडला: सोमजाईचा दिवा, नैवेद्य आणि शिमग्याची पालखी बंद. सगळे हात वर झाले.

त्यानंतर माणसं भागोजीला एकेकटी गाठू लागली. ठकूबाई ओढ्यावर म्हणाली, "भावोजी, तुमचंच खरं हाय. पन माजं नाव काडू नका." मुरारीने तेच सांगितलं. मालोजींनीही बांधावर उभं राहून, नियम मोडू नये म्हणून आंब्याच्या झाडाकडे बघत सांगितलं. मीही सांगितलं. भागोजीचा सोडून वाडीत चाळीस उंबरे, आणि चाळीसही मनातून भागोजीचे.

वैशाखात आवडीचं लग्न होतं. नाते गावाहून वऱ्हाड आलं. मांडवात गावचं एकही माणूस नाही, हे बघून वरबाप गोमाजी दारातच थांबला.

"वाळीतली पोर न्हेली तर उद्या आमाला कोन इचारील? गावचं एक मानूस अक्षता टाकाया येऊ दे. एकच. मग लगीन लावतो."

आवडीची आई चंद्राबाई दारोदार फिरली. "कोन तरी चला वो," एवढंच ती म्हणत होती. प्रत्येक दार बोटभर उघडं होतं. माझ्या मुठीत अक्षता होत्या. पहिलं कोण निघतं ते मी बघत होतो, आणि बाकीचे एकोणचाळीसही तेच बघत होते.

ऊन डोक्यावर आलं तसं वऱ्हाड परत फिरलं. आवडीने मुंडावळ्या आपल्याच हाताने सोडल्या. मला ते बघवेना, म्हणून मी दार लावून घेतलं.

दप्तरात नोंद आहे: लग्नास कोणाचाही विरोध नव्हता.

वाचणाऱ्यांनो, तुम्हीही केव्हाच भागोजीच्या बाजूचे झालात, हे मला ठाऊक आहे. मनातून. तुमचा उंबरा एक्केचाळिसावा लिहून घेतला आहे.