एकसष्ट नंबरचा डावखुरा

उजव्या डोळ्यावर हिरवी पट्टी लावून डोरीन व्हॅनसिकल जिना उतरल्या, तेव्हा गळ्यात दुर्बीण होती आणि खाली त्यांचे यजमान लाईल गाडीची किल्ली खिशात दडवून दारातच उभे होते.

“मोतीबिंदू काढून आज तिसरा दिवस,” लाईल म्हणाले. “डॉक्टरांनी आराम सांगितलाय.”

“डॉक्टर बेसबॉल बघत नाहीत. किल्ली दे.”

“एका डोळ्यानं काय डोंबल दिसणार तुला?”

“डोळा एक असला तर दुर्बिणीची एक नळी पुरते. दे म्हणते ना!”

किल्ली मिळाली. बावीस वर्षांत पिकरिंग फॉल्सच्या मैदानावरचा एकही सामना डोरीनबाईंनी चुकवला नव्हता. शाळेतल्या ग्रंथपालाची नोकरी संपली तशी त्यांनी पोरांवर लक्ष ठेवायची सवय मैदानावर आणली. पिकरिंग फॉल्सचा संघ म्हणजे मोठ्या संघाची धाकटी पाती. इथं अठरा-वीस वर्षांची पोरं घासूनपुसून तयार करायची, त्यातली चार-दोन वर जातात, बाकीची घरी. वर कोण जाणार याचा अंदाज डोरीनबाई दर सोमवारी एका पत्रकात लिहून नऊशे लोकांना ईमेलनं पाठवत. सहा वर्षांपूर्वी एका हडकुळ्या पोराला त्यांनी सगळ्यांच्या आधी हेरलं होतं आणि तो आज मोठ्या संघात खेळत होता. तेव्हापासून त्यांचा शब्द ओहायोपासून अ‍ॅरिझोनापर्यंत झेलला जाई.

त्या दिवशी सामन्याआधी त्यांनी पिचर लोकांच्या सरावाच्या कोपऱ्याकडे दुर्बिणीची नळी वळवली. तिथं एक डावखुरा अगदी निवांत चेंडू टाकत होता. पाठीवर नंबर एकसष्ट. यादीत एकसष्ट नंबरच नव्हता. डोरीनबाईंनी पायऱ्यांवर उभ्या असलेल्या दारवानाला विचारलं, “गस, तो एकसष्ट कोण रे?”

“तो होय? स्टुट्झमन. सकाळपासून इथंच आहे.”

आणखी विचारणं डोरीनबाईंच्या शानेला शोभलं नसतं. बावीस वर्षं लोक त्यांना विचारत होते. त्यांनी वहीत लिहिलं: “स्टुट्झमन. डावखुरा. चेहऱ्यावर घाईचा लवलेश नाही. इतका शांत हात मी बऱ्याच वर्षांत पाहिला नाही.”

यातलं अक्षर न अक्षर खरं होतं. मर्ल स्टुट्झमन सत्तेचाळीस वर्षांचा होता आणि त्याला कसलीच घाई नव्हती, कारण तो कपडे वाळायची वाट बघत होता. खेळाडूंच्या खोलीतलं वॉशिंग मशीन दुरुस्त करायला तो सकाळी आला होता. नळी सुटली, तो नखशिखान्त भिजला, कुणीतरी त्याला कपाटातला जुना शर्ट दिला आणि वेळ जाईना म्हणून त्यानं चार चेंडू टाकले. मग कपडे वाळले, तो घरी गेला.

सोमवारी पत्रक गेलं. मंगळवारी अ‍ॅरिझोनातल्या एका गृहस्थांनी आपल्या ‘उद्याचे तीस’ या यादीत स्टुट्झमनला अठ्ठाविसावा घातला. त्यांनी त्याला पाहिलं नव्हतं, पण व्हॅनसिकलबाईंना माहीत असलेलं आपल्याला माहीत नाही असं दिसणं बरं नव्हे. दुसऱ्या एकानं अठ्ठाविसावा पाहून एकोणिसावा घातला आणि वर लिहिलं, “मी तर उन्हाळ्यापासून सांगतोय.” तिसऱ्यानं अकरावा दिला. फक्त वयाबद्दल त्यानं शंका काढली होती. त्याला मिळालेल्या माहितीप्रमाणे स्टुट्झमन बावीस पूर्ण होता, म्हणजे जरा जूनच.

बुधवारी मोठ्या संघाच्या कचेरीत साहेबांनी या याद्या वाचल्या आणि विचारलं, “हा स्टुट्झमन आपलाच ना?”

तिघा मदतनिसांनी एकमेकांकडे पाहिलं. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्यानं घेतला असणार.

“आपलाच, सर,” तिघे म्हणाले.

“मग त्याचा करार कुठाय?”

करार सापडेना. तेव्हा हरवला असं गृहीत धरून नवा छापला आणि पिकरिंग फॉल्सला धाडला. सोबत हुकूम होता: “रविवारी शेवटच्या सामन्याला सुरुवात स्टुट्झमन करेल. वीसच्या वर चेंडू टाकू देऊ नये. आमचा माणूस बघायला येतोय. शरदातल्या अ‍ॅरिझोनाच्या शिबिरासाठी एकच जागा उरली आहे.”

इथला मॅनेजर क्लाईड रूडिसिल एकतीस वर्षं धाकट्या संघांतून फिरत होता. वरून आलेला हुकूम वाचायचा असतो, समजून घ्यायचा नसतो, हे त्याला पुरतं कळलं होतं. त्यानं कचेरीतल्या बाईंना विचारलं, “स्टुट्झमन नावाचा कोणी आहे का आपल्याकडे?”

“वॉशिंग मशीनवाला आहे.”

“डावखुरा?”

“पाना तरी डाव्या हातानं धरतो.”

“मग तोच,” रूडिसिल म्हणाला. “बोलवा.”

मर्ल आला. मशीनच्या वार्षिक देखभालीचा करार करा म्हणून तो दोन वर्षं या लोकांच्या मागे लागला होता. बाईंनी कागद पुढे सरकवताच त्याचा चेहरा उजळला. बारीक अक्षरातली अकरा पानं न वाचता त्यानं सह्या ठोकल्या.

“रविवारी एकला हजर राहा,” रूडिसिल म्हणाला.

“पुन्हा नळी सुटली?”

“नाही. पिचिंग करायचंय.”

मर्लनं थोडा विचार केला. “करारात आहे?”

“चौथ्या पानावर.”

“मग करायलाच हवं,” मर्ल म्हणाला. “पण दोनला हॉफस्टेटरबाईंचा ड्रायर आहे. त्यांना शब्द दिलाय.”

गुरुवारी संध्याकाळी डोरीनबाईंच्या घरी अन्सेल्मो पेगेरो ताटातलं मांस नुसतं इकडून तिकडे ढकलत बसला होता. डोमिनिकन रिपब्लिकमधल्या बानी गावचा हा वीस वर्षांचा डावखुरा पिचर एप्रिलपासून त्यांच्या मागच्या खोलीत राहत होता. तो डोरीनबाईंना त्याच्याकडच्या स्पॅनिश रीतीनं ‘दोन्या’, म्हणजे बाईसाहेब, म्हणे, लाईलना डॉमिनोजच्या खेळात हरवी आणि रोज चार माणसांचं जेवी. आज मात्र घास उतरत नव्हता.

“काय रे, बरं नाही का?” डोरीनबाईंनी विचारलं.

“रविवारची पाळी माझी होती, दोन्या. आता नाही. वरचा माणूस येणार आणि मी बाकावर बसणार. शिबिराला नाही गेलो तर पुढच्या वर्षी मला ठेवतील की नाही, देव जाणे.”

“तुझ्या जागी कोण?”

“सेन्योर स्टुट्झमन.”

डोरीनबाई सावरून बसल्या. “हं. मुलगा गुणाचा आहे. मी पाहिलाय.”

“माणूस चांगला आहे,” अन्सेल्मो म्हणाला. “मशीनमध्ये अडकलेले माझे मोजे त्यानंच काढून दिले.”

“त्यानं का काढले?”

“मशीन तोच दुरुस्त करतो ना.”

डोरीनबाईंचा काटा तोंडाजवळ थांबला. घरात फक्त लाईलच्या चावण्याचा आवाज येत राहिला. मग तोही थांबला.

“डोरीन,” लाईल शांतपणे म्हणाले, “तू वॉशिंग मशीनवाल्याला आख्ख्या संघात अकरावा केलास.”

“अकरावा मी नाही केला! मी फक्त हात शांत आहे म्हटलं!”

“पाना धरून धरून झाला असेल.”

त्याच संध्याकाळी डोरीनबाईंनी बावीस वर्षांतली पहिली चूक जाहीर कबूल केली. मोठ्या मनानं आणि मोठ्या अक्षरात त्यांनी लिहिलं: “स्टुट्झमन हा खेळाडू नाही. तो वॉशिंग मशीन दुरुस्त करतो. क्षमस्व.”

सकाळपर्यंत अठ्ठ्याण्णव उत्तरं आली होती. निम्म्या लोकांनी हळहळ व्यक्त केली, इतक्या गुणी खेळाडूला पोटासाठी दुसरा धंदा करावा लागतो, धाकट्या लीगमध्ये पोरांची काय ही दशा! बाकीच्यांनी ओळी नीट वाचल्याच नव्हत्या. अ‍ॅरिझोनाच्या गृहस्थांनी तर त्यातून नवीनच बातमी काढली: “स्टुट्झमनच्या फिरत्या चेंडूला संघात ‘वॉशिंग मशीन’ म्हणतात. फलंदाज आत गेला की पिळूनच बाहेर येतो.” दुपारपर्यंत स्टुट्झमन सहावा झाला होता.

डोरीनबाई मैदानावर जाऊन रूडिसिलसमोर उभ्या राहिल्या. “क्लाईड, तो मशीनवाला आहे.”

“मला माहितेय.”

“माहितेय? मग?”

“बाई, त्र्याण्णव साली वरून हुकूम आला होता की, दर मंगळवारी सगळ्यांनी डाव्या हातानं जेवायचं. जेवलो आम्ही. का म्हणून विचारणारा आता विमा विकतो.”

मग त्यांनी मोठ्या संघाच्या कचेरीला फोन लावला. पलीकडचा तरुण अदबीनं बोलत होता. “मॅडम, स्टुट्झमनवर आमचं तीन वर्षांपासून लक्ष आहे.”

“मागच्या आठवड्यापर्यंत त्यानं चेंडू हातात धरला नव्हता!”

“तेच तर विशेष आहे, मॅडम. हात अगदी ताजा आहे.”

रविवारी ऊन छान पडलं होतं. सीझनचा शेवटचा दिवस, म्हणून खेळाडूंच्या अंगावर खास गुलाबी शर्ट होते. सामन्यानंतर ते प्रेक्षकांना वाटून टाकायचे असत. पाठीवर नंबरऐवजी गावातल्या डोनटवाल्याच्या जाहिरातीचा भलामोठा डोनट होता. मर्ल स्टुट्झमन मध्यभागी आला, पट्ट्याला लटकणारी पान्यांची पिशवी काढून त्यानं पंचांकडे दिली आणि आभाळाकडे एकदा बघून पहिला चेंडू टाकला.

चेंडूचा वेग ताशी अठ्ठावन्न मैल होता. या मैदानावर नव्वदच्या खाली कुणी टाकत नसे. समोरचा फलंदाज दोन दिवस बसमध्ये ‘वॉशिंग मशीन’बद्दल वाचत आला होता. चेंडू आता वळेल, मग वळेल, या धास्तीनं त्यानं इतक्या लवकर बॅट फिरवली की चेंडू पोचला तेव्हा तो पाठमोरा होता. तीनदा तसंच झालं, आणि तीनदा हुकला की फलंदाज बाद. दुसऱ्यानं पहिलाच चेंडू उंच उडवून झेल दिला. तिसरा पहिल्या चेंडूकडे नुसता बघतच राहिला आणि दुसरा त्यानं पायाजवळच ढोसला, धावत निघाला आणि पहिल्या तळावर पोचायच्या आत बाद झाला. सहा चेंडूंत तिघे बाद. प्रेक्षक उभे राहून ओरडू लागले.

मर्लनं घड्याळ पाहिलं. पंचांकडून पिशवी मागून घेतली. रूडिसिलशी हात मिळवला.

“अजून चौदा चेंडू शिल्लक आहेत तुझे!” रूडिसिल म्हणाला.

“वीसच्या वर नको असं लिहिलंय. वीस टाकाच असं नाही,” मर्ल म्हणाला. “आणि ड्रायरमध्ये ओल्या चादरी पडल्यात.” आणि त्याची गाडी फाटकातून निघून गेली.

रूडिसिलनं बाकावर नजर फिरवली. शेवटच्या आठवड्यात सगळ्यांचे हात पिळून निघालेले. ताजा एकच होता. “पेगेरो! ऊठ. आता शेवटपर्यंत तूच.”

मोठ्या संघाचा माणूस तिसऱ्या डावात धापा टाकत आला. त्याचं नाव ट्रेंट ऑस्टरहाऊट. गावाबाहेर तो मळणीयंत्रामागे अडकला होता. नेमका तो डोरीनबाईंच्या शेजारी बसला आणि वेग मोजायचं यंत्र त्यानं अन्सेल्मोवर रोखलं. धावफलकाचा कॉम्प्युटर नेहमीसारखा पहिल्या डावातच गोठला होता आणि त्यावर अजून ‘पिचर: स्टुट्झमन’ असंच होतं.

अन्सेल्मोच्या हातून त्या दिवशी चेंडू सुटत नव्हते, सुसाटत होते. सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव. फलंदाज येत होते आणि जात होते.

“बाप रे,” ऑस्टरहाऊट पुटपुटला. “स्टुट्झमन ऐकलं त्याहून भारी आहे.”

डोरीनबाईंचा उघडा डोळा त्याच्याकडे वळला. गप्प बसावं की बोलावं? गप्प बसलं तर पोराची कमाई मशीनवाल्याच्या खात्यात जाणार होती. “तो स्टुट्झमन नाही. तो अन्सेल्मो पेगेरो आहे. माझ्याच घरी राहतो.”

“मॅडम, माझ्या कागदावर स्टुट्झमन आहे.”

“कागद चुकलाय.”

“फळ्यावरही स्टुट्झमन आहे.”

“फळाही चुकलाय! स्टुट्झमन ड्रायर दुरुस्त करायला गेला!”

ऑस्टरहाऊटनं त्यांच्या डोळ्यावरच्या हिरव्या पट्टीकडे पाहिलं, आवाज मऊ केला आणि विचारलं, “मॅडम, तुमच्याबरोबर कुणी आलंय का?”

“मी आलोय,” पलीकडून लाईल म्हणाले. “आणि ती खरं बोलतेय. हे फार क्वचित होतं असं नाही, पण या आठवड्यात पहिल्यांदाच.”

ऑस्टरहाऊटनं मान डोलावली आणि लिहिलं: “स्टुट्झमन. असामान्य. ताबडतोब बोलवा.”

बुधवारी मर्लच्या घरी पाकीट आलं. अ‍ॅरिझोनाच्या शिबिराचं आमंत्रण, विमानाचं तिकीट आणि वर्णन: डावखुरा, वय वीस, वेग अठ्ठ्याण्णव मैल, भाषा स्पॅनिश. मर्लनं ते तीनदा वाचलं, बायकोला वाचून दाखवलं आणि सरळ डोरीनबाईंकडे आणून दिलं. “माझं नाव आहे, पण बाकी मी नाही,” तो म्हणाला.

डोरीनबाईंनी फोन लावला. पुन्हा तोच अदबशीर तरुण. त्यांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं. तो बराच वेळ ऐकत राहिला. अखेर म्हणाला, “म्हणजे मॅडम, माणूस बरोबर आहे, फक्त नाव चुकलंय?”

“अगदी बरोबर,” डोरीनबाई म्हणाल्या.

“मग एवढं कशाला घाबरता? नाव बदलायला आमच्याकडे एकच बटण आहे.”

त्यानं बटण दाबलं. स्टुट्झमनचा करार, सहावा क्रमांक, ऑस्टरहाऊटचा अहवाल, सगळ्यावर एका क्षणात अन्सेल्मो पेगेरो झालं. अन्सेल्मोनं डोरीनबाईंना उचलून दोन गिरक्या दिल्या. “अरे, डोळा! माझा डोळा!” त्या ओरडत होत्या आणि हसत होत्या. अ‍ॅरिझोनाच्या गृहस्थांनी दुसऱ्याच दिवशी जाहीर केलं की पेगेरोबद्दल त्यांनी सुरुवातीपासून सांगितलं होतं, फक्त संक्षेपासाठी त्याला ते स्टुट्झमन म्हणत.

ऑक्टोबरात डोरीनबाईंचं स्वतःचं मशीन बंद पडलं. मर्ल आला, तळघरात उतरला आणि मशीनमागे डोकं घालून बराच वेळ खाटखूट करत राहिला. मग आतूनच म्हणाला, “बाई, एक विचारू?”

“विचार ना.”

“मी आता कितवा?”

“तू... यादीतून गेलास, मर्ल.”

खाटखूट थांबली. “कारण काय दिलंय?”

“एकानं लिहिलंय, नेम बेभरवशाचा आहे.”

मर्ल मशीनमागून बाहेर आला. कपाळावर तेलाचा पट्टा होता आणि चेहऱ्यावर आयुष्यात प्रथमच घाई दिसत होती.

“नेम?” तो म्हणाला. “सहा टाकले, सहाच्या सहा जिथं हवे तिथं पडले. वय लिहा म्हणावं. गुडघा लिहा. पण नेमाचं नाव काढायचं नाही!”

सोमवारच्या पत्रकात डोरीनबाईंनी शेवटच्या ओळीत लिहिलं: “मर्ल स्टुट्झमन, डावखुरा, वय सत्तेचाळीस. वयामुळे यादीतून वगळला. नेम अचूक.”

मर्लनं ते पान कापून गाडीच्या काचेवर आतून चिकटवलं. त्या हिवाळ्यात पिकरिंग फॉल्समध्ये ज्याचं मशीन बिघडलं त्यानं ते वाचलं, आणि वाचलं नाही त्याला मर्लनं वाचून दाखवलं.